टकटक नेमकी कुठली?

[दृश्य: पहाट. उखडलेला रिकामा रस्ता. पांढरी एसयूव्ही संथ येते.]

टक. टक-टक. टक.

वेग ताशी 15 किलोमीटर, काचा खाली. सात जणांची गाडी, पाच वर्षांची. आवाज पुढून डावीकडून येतो, असं मालकीणबाईंचं म्हणणं. याच टकटकीपायी पुढचे दोन्ही शॉकअप वर्षापूर्वी बदलून झाले. टकटक होती तिथेच राहिली.

गाडी खालून वाजली की शॉकअप गेला, असं सरळ धरलं जातं. पण शॉकअप गेला की बहुतेकदा आधी गाडीची चाल बदलते. खड्डा मागे पडला तरी गाडी हेलकावत राहते, ब्रेक लावला की जास्तच नाक खुपसते, नळीवर तेल ओघळलेलं दिसतं. यातलं काहीच नसेल, तर निव्वळ आवाजावरून शॉकअपला दोषी ठरवायची घाई कशाला?

[दृश्य: मागचं दार उघडतं. सामान बाहेर येतं.]

पान्याला हात लावण्याआधी गाडी रिकामी होते. जॅक, पाण्याच्या बाटल्या, सीटखाली घरंगळलेली खेळण्यातली मोटार. स्टेपनी घट्ट आहे ना, तिसऱ्या रांगेची मिटलेली सीट खाचेत नीट बसली आहे ना, हेही बघून होतं. हसू नका. लोखंडी सांगाडा आवाज वाहून नेतो. मागच्या डिकीत सैल पडलेला जॅक पुढच्या चाकाशी वाजतोय असं वाटू शकतं.

मग आवाजाची उलटतपासणी. हलका ब्रेक दाबून तोच रस्ता पुन्हा. टकटक बंद पडली असती, तर संशय ब्रेक पॅडवर गेला असता. पडली नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. स्प्रिंग अडकून एकदम सुटल्याचा झटका जाणवला असता, तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग बघावं लागलं असतं. तेही नाही.

आता एक रुंद उंचवटा. दोन्ही चाकं एकाच वेळी चढतात, उतरतात. शांतता. आणि एकच चाक खड्ड्यात घातलं की लगेच टक.

इथे गाडी बरंच बोलून जाते. पुढच्या डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक वाकवलेली जाड सळई असते, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी कलू नये म्हणून ती स्वतः पिळली जाते. दोन्ही चाकं सारखीच वर गेली तर ती नुसती फिरते; एक वर आणि एक खाली असेल तेव्हाच तिच्यावर ताण येतो. हा ताण चाकाकडे नेणाऱ्या दांडीला लिंक रॉड म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना बोराएवढे बॉल जॉइंट. ते झिजले की टकटक.

[दृश्य: लिंक रॉडचा जवळून फोटो.]

मग आधी कुणाला हे दिसलं कसं नाही? एकच चाक जॅकवर उचलून रॉड हलवून पाहिला असणार. त्या अवस्थेत बार पिळलेला असतो, जॉइंट दाबून धरलेला असतो आणि त्यातली ढिलाई लपते. म्हणून गाडी चारही चाकांवर उभी हवी, नाहीतर पुढची दोन्ही चाकं सारखीच वर हवीत. एकाने गाडी हलवायची, दुसऱ्याने जॉइंटवर बोटं टेकवायची. कानापेक्षा बोटांना लवकर कळतं.

दोन्ही लिंक नवे बसले. गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर.

टकटक गेली. पण ब्रेक लावताना एक जड ‘धप्प’, आणि सोडताना पुन्हा एक.

“ताई, हा आवाज आधीपासून होता?”

“नाही हो. शॉकअप बदलले ना, त्यानंतर दोनेक महिन्यांनी सुरू झाला. मला वाटलं तोच आवाज वाढला.”

शॉकअपबरोबर लोअर आर्मही, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडेही, नवे घातले होते. गाडी वर घेतली जाते. खाली जॅकस्टँड लागतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. आर्मच्या मुळाशी पहार टेकवून हलकी तिरपी केली, आणि रबराची फट उघडली. बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यातली रबरी गादी, फाटलाय. वर्षभरात?

या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पिळतं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट कायमचा आवळला, तर रबराची ‘आरामाची’ जागा तीच ठरते. गाडी खाली उतरली की रबर पिळलेलं, आणि उभ्या गाडीतही पिळलेलंच. त्यात प्रत्येक खड्ड्याची भर. मग ते फाटणार नाही तर काय! सुटा भाग चांगला होता. बसवताना घाई झाली, एवढंच.

[दृश्य: गाडी चाकांवर उतरते. टॉर्क पाना.]

म्हणून या वेळी नवे बुश बसवताना बोल्ट आधी फक्त टेकवले जातात. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे नेमक्या जोरावर, शेवटची आवळणी. कष्टाचं काम आहे, हात पोहोचत नाही, म्हणूनच टाळलं जातं. त्यानंतर चाकांचं अलाइनमेंट.

[दृश्य: तोच उखडलेला रस्ता.]

ताशी 15. एक चाक खड्ड्यात. ब्रेक. ब्रेक सुटला.

खालून काही नाही. मागच्या सीटवर मात्र पट्ट्याचं बक्कल प्लॅस्टिकवर टिचटिच करतंय. वर्षभर तेही वाजतच असणार. ताई मागे वळतात आणि ते खोबणीत अडकवतात.