किल्ली, जिना आणि आवृत्ती ०.३

(पडद्यावर: गेममधली अंधारी गॅलरी, पाऊस)

गिरगावातली तीन मजली चाळ. रात्रीचे अकरा वाजलेत, लाईट गेलेत आणि जिन्याखाली उभ्या असलेल्या या मुलीला बंद खोलीची किल्ली शोधायची आहे. या ॲडव्हेंचर गेमला अजून नाव मिळालेलं नाही, पण आवृत्ती ०.३ खेळायला खुली झाली आहे. बनवणारी दोघंच, सख्खी भावंडं. ताई चित्रं काढते, धाकटा कोड लिहितो.

(पडद्यावर: जुन्या आवृत्तीतला संवाद)

हे मागच्या आवृत्तीतलं मराठी. 'किल्ली'मधली वेलांटी क सोडून ल च्या डोक्यावर गेलीय. जोडाक्षर फुटलंय, पाय मोडलेला ल तसाच उघडा पडलाय. ज्या गोडो इंजिनात गेम बनतोय, त्याच्या तिसऱ्या आवृत्तीला देवनागरी जुळवताच येत नव्हती. अक्षरं आली तशी ओळीत मांडली जायची. मार्च २०२३मध्ये गोडो ४ आलं ते हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी पोटात घेऊनच. इंजिन फुकट आहे, पण जुना गेम त्यावर न्यायचा म्हणजे कोडमधला 'यील्ड' हा शब्द काढून 'अवेट' लिहा, पात्रांचे नोड, म्हणजे ती ज्या घटकांवर उभी असतात ते, बदला, मग जे मोडेल ते शोधत बसा. इंग्रजीच ठेवा ना, असा सल्ला पुष्कळांनी दिला. चाळीतली आजी कडी वाजल्यावर काय 'हू इज इट' विचारणार?

(पडद्यावर: ताईचा ड्रॉइंग टॅबलेट)

पुढचा घोळ उंचीचा. वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत दोन्हीकडून अक्षर कापलं जायचं. चौकट उंच केली तर चित्र आखडलं, म्हणून गॅलरीचा कठडा पुन्हा काढावा लागला. फॉन्ट 'मुक्त' घेतला, मुंबईच्याच 'एक टाईप'चा, कुणालाही मोफत वापरता येणारा. आता बघा: 'दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी आहे.' त्या 'ऱ्या'कडे जरा नीट बघा. आम्ही तर व्हिडिओ थांबवून बघितला.

(पडद्यावर: खऱ्या चाळीचा लाकडी जिना, पायरीजवळ माईक)

नव्या आवृत्तीत पावलांचा आवाज मजल्यागणिक बदलतो. तो या जिन्यावरून घेतलाय. खालच्या पायऱ्या दगडी, वरच्या सागवानी, आणि वळणावरची एक फळी दाबली की कण्हते. अनवाणी, चपला घालून, धावत, असं सगळं वेगवेगळं रेकॉर्ड झालं. मध्येच नळाला पाणी आलं.

"आजी, पाचच मिनिटं नळ बंद ठेवाल का?"

"पाच म्हणजे पाचच हं. पाणी काय तुझ्यासाठी थांबणारे?"

माईकने हेही टिपलं, आणि ते गेममध्ये आहे. पहिल्या मजल्यावर जरा रेंगाळा, ऐकू येईल.

इमारत पुनर्विकासात गेली आहे. खोल्या रिकाम्या होताहेत.

(पडद्यावर: गेमचा मेनू)

बाकी बदल पटापट. सापडलेल्या वस्तू आता पिशवीत राहतात आणि एकमेकींना जोडता येतात: सुतळी आणि लोहचुंबक जोडून बघा, मोरीच्या जाळीपाशी उपयोगी पडेल. अडलात तर एक बटण दाबून हाताळण्याजोग्या वस्तू उजळतात. गेम आपोआप सेव्ह होतो. जुन्या आवृत्तीतलं सेव्ह मात्र इथे चालत नाही, पहिल्यापासून खेळावं लागेल. तिसऱ्या मजल्याचं दार अजून बंदच आहे, ते ०.४मध्ये.