वाइनच्या खोलीचं दार: नक्षी नंतर, आधी कडा

(नाशिकमध्ये काही घरमालक आणि इंटिरिअर शिकणारी मुलं यांच्यासमोर केलेलं हे बोलणं. लिहून काढताना थोडं सरळ केलंय, बाकी जसं बोललो तसंच.)

नमस्कार. मला सांगितलं की दारावर बोला, तासभर. घरी सांगितलं तर बायको म्हणाली दारावर तासभर काय बोलणार, उघडतं आणि बंद होतं. मी म्हटलं तेच तर, आपल्याकडं ते बंदच होत नाही. आजचं सगळं बोलणं त्यावरच आहे.

तर आधी घरात वाइनची खोली करायचं हे खूळ आलं कुठून ते. नाशिकमध्ये सुला या वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २००१ ला सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, मग वायनऱ्या वाढल्या, लोक रविवारी टूरला जायला लागले, ते बॅरलचे हॉल बघितले, थंड हवा, पिवळे दिवे, आणि येताना डोक्यात एकच की आपल्या बंगल्यात खाली एक छोटं सेलर, म्हणजे वाइन ठेवायची थंड खोली, पाहिजे. माझ्याकडे येतात तेव्हा मोबाइलमध्ये फोटो असतोच. वर कमान, जाड फळ्या, काळ्या लोखंडी पट्ट्या, मोठे खिळे. फोटो बहुतेक फ्रान्स नाहीतर इटलीचा.

आता हे नीट ऐका, कारण इथंच सगळ्यांची गाडी चुकते. जमीन थोडी खोल गेलं की तिथल्या वर्षभराच्या सरासरी तापमानाला असते. फ्रान्समधल्या शॅम्पेन भागात खडूच्या दगडात खोदलेली तळघरं आहेत, तिथं बारा महिने १०-१२ डिग्री, काही न करता. म्हणजे तिथल्या दाराला काम काय, तर चोर नको आणि उंदीर नको. फटी असल्या तरी कोणाचं काही जात नाही. आपल्या नाशकात तीच जमीन २४-२५ डिग्रीला असणार. वाइनला पाहिजे १२ ते १४. म्हणजे आपलं सेलर हे तळघर नाहीच, तो एक मोठा फ्रिज आहे, मशीन लावून थंड केलेला, आणि दार म्हणजे त्या फ्रिजचं झाकण. फ्रिजला कोणी फळ्यांचं दार लावतं का?

मी लावलं होतं. सांगतोच. गंगापूर रोडला एक बंगला, माझं पहिलंच वाइन सेलर, त्या दादांनी कुठून तरी जुन्या वाड्याचं दार मिळवलं होतं. काय दार होतं! अस्सल सागवान, पितळी फुल्या, मोठी कडी, आणि बिजागऱ्या नाहीतच, वर-खाली लाकडाचेच खुंटे, ते चौकटीतल्या खळग्यात फिरायचे. मला म्हणाले हेच बसवायचं. मी पण खूश, कारण असं काम रोज मिळत नाही. आमचे मिस्त्री जुने, त्यांनी दाराकडं बघितलं, फळ्यांच्या मधून बोट घातलं आणि मला म्हणाले, "शेठ, हे दार वाड्याला हवा खेळवायला केलंय." मी ऐकलं नाही. उन्हाळ्यात बसवलं, पार्टी झाली, फोटो झाले. जुलैमध्ये फोन. दारासमोर पाणी. आधी वाटलं पाइप फुटला. जाऊन बघतो तर आत बाटल्यांच्या लेबलवर काळी बुरशी, कूलिंगचं मशीन दिवस-रात्र बंदच होत नाही, आणि दाराखालून अशी गार हवा येत होती की बाहेर पाय ठेवला तर कळत होती. मशीनवाल्याला शिव्या घालून झाल्या होत्या. मशीनची चूक काहीच नव्हती.

हिशोब करू. दार ९० सेंटिमीटर रुंद, खाली फट १० मिलिमीटर, आपल्याकडं बेडरूमच्या दाराला सर्रास असते, टाइल्स बसवताना मिस्त्री म्हणतो राहू द्या, दार घासायला नको. ९० गुणिले १, झाले ९० चौरस सेंटिमीटर. म्हणजे भिंतीला साडेनऊ बाय साडेनऊ सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडलं आणि एसी चालू केला, तेवढंच. आणि हे भोक सगळ्यात वाईट जागी आहे, कारण गार हवा जड, ती खालून वाहून जाते आणि तेवढीच बाहेरची दमट हवा वरच्या फटीतून आत येते, आत आली की गार होते आणि पाणी सोडते. बुरशी तिथून.

म्हणून मी म्हणतो दार बघायचं ते कडांनी. चार कडा, त्यातल्या तीन सोप्या आहेत. चौकटीला खाचा घ्यायचा, खाच्यात चांगल्या रबराची गास्केट, दार तिच्यावर दाबून बसलं पाहिजे, नुसतं टेकलं म्हणजे झालं नाही. स्वस्तातली स्पंजाची पट्टी लावू नका, एका वर्षात चपटी होते. चौथी कड खालची, तिला खरं उत्तर आपल्या आजीच्या घरात होतं, उंबरठा. आपण फ्लॅटमध्ये आलो आणि उंबरठे काढून टाकले, रांगोळी टाइलवर स्टिकरची चिकटवतो. सेलरला उंबरठा परत आणा. दीड-दोन सेंटिमीटर उंच, लाकडाचा, त्याला पण खाचा आणि गास्केट, म्हणजे दार चारी बाजूंनी सारखं दाबलं जातं. घरात म्हातारी माणसं असतील, पाय अडखळायची भीती असेल, तर ड्रॉप सील मिळतं, दार बंद झालं की बाजूचं बटण चौकटीवर दाबलं जातं आणि दाराच्या पोटातून रबराची पट्टी खाली उतरते. छान चीज आहे, पण खालची फरशी एका लेव्हलला पाहिजे, नाहीतर एका कोपऱ्यात टेकते आणि दुसऱ्या कोपऱ्यात लटकते.

अजून एक उंबरठ्याचं, हे कोणी सांगत नाही. बाहेरची ग्रॅनाइट तशीच अखंड आत नेऊ नका. दिसायला भारी दिसतं, पण दगड गारवा बाहेर घेऊन येतो आणि पावसाळ्यात दाराबाहेरची एक फूट फरशी ओली राहते, पुसा, परत ओली. फरशी दाराच्या रेषेत तोडायची आणि मध्ये लाकूड. तेच लोखंडाचं. फोटोतल्या त्या पट्ट्यांचे बोल्ट आरपार घेतले की जुलैमध्ये प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर एक-एक थेंब, मोत्यासारखा. मी मोजलेत, २४ बोल्ट, २४ थेंब. पट्ट्या लावा की, हौस आहे, पण स्क्रू बाहेरच्या प्लायमध्येच संपले पाहिजेत.

आता लाकूड. लोक म्हणतात सॉलिड सागवानच पाहिजे, फ्लश डोअर, म्हणजे प्लायचं सपाट दार, ते म्हणजे चीटिंग. मी सुताराच्या घरातला आहे, सागवानावर माझं प्रेम कमी नाही, पण विचार करा, या दाराचं एक तोंड बारा महिने १३ डिग्री आणि ६०-७० टक्के दमट हवेत, आणि दुसरं तोंड नाशिकच्या हवेत. मे महिन्यात बाहेर हवा कोरडी ठणठणीत, बाहेरचं लाकूड आकसतं, आतलं फुगलेलंच. दार पापडासारखं वाकतं. ऑगस्टमध्ये उलटं. साडेतीन-चार मिलिमीटर वाकलं की गास्केट गेली कामातून. म्हणून मी आता सरळ सॅंडविच करतो: बाजूला सागवानी फ्रेम, मध्ये ४०-५० मिलिमीटर पफ, म्हणजे गारवा धरून ठेवणारा फोम, दोन्हीकडं वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर तुम्हाला पाहिजे ते, सागवानी विनिअर घ्या, पॅनल घ्या. आणि पफच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे घराकडच्या बाजूला, अ‍ॅल्युमिनियम फॉइल. आतल्या बाजूला लावली तर बाहेरची वाफ दारात शिरते, फॉइलला अडते आणि आतल्या आत दार कुजतं. आमच्याकडं एका पोऱ्याने उलटी लावली होती, दोन पावसाळ्यांत प्लाय फुगून पुरीसारखा.

इथं एक परीक्षा देतो, कुठल्याही दाराला चालते. स्टूल घ्या, दाराच्या वरच्या कडेवर हात फिरवा. खरखरीत कोरडं लाकूड लागलं तर पॉलिशवाल्याने तिथं ब्रश नेलाच नाही. खालची कड तर बघूच नका, दार बसवल्यावर तिथं ब्रश जातच नाही. दार सहा बाजूंचं असतं, दोनच नाही. सेलरचं दार बसवायच्या आधी आडवं ठेवून सहाही बाजूंना पॉलिश, लॉकची आणि बिजागरीची खाच पाडलीत ती पण.

काच. हां, काचेवर येतो, सगळ्या वहिनींना काचच पाहिजे असते, आणि दादांना पण, बाटल्या दिसल्या पाहिजेत ना! काच वाईट नाही पण पाणी कधी येणार हे आधी काढता येतं, नशिबाचा खेळ नाही तो. पावसाळ्यातला साधा दिवस घ्या, बाहेर २६ डिग्री, ८५ टक्के आर्द्रता. या हवेचं दव पडतं साधारण २३ डिग्रीला. म्हणजे जी वस्तू २३ च्या खाली ती ओली. आत १३. एकेरी काच लावली तर तिचं बाहेरचं तोंड १९-२० ला येतं, म्हणजे धो-धो. डबल ग्लास, म्हणजे दोन काचा आणि मध्ये बंद हवा, लावली तर ते तोंड येतं २२ च्या आसपास, म्हणजे अजून ओलंच, फरक एवढाच की पाणी वाहत नाही, धुकं धरतं. लो-ई कोटिंगची, म्हणजे उष्णता परतवणारा पातळ थर दिलेली डबल ग्लास, मध्ये आरगॉन गॅस भरलेली, तिचं तोंड २४ च्या जवळ जातं, तेव्हा कुठं कोरडी. हे ढोबळ आहे, जागेप्रमाणे थोडं इकडं-तिकडं, पण नुसतं "डबल ग्लास आहे, काळजी नको" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आणि गंमत बघा, हॉलमध्ये एसी चालू असला, २४ डिग्री, ५५ टक्के, तर दव १४-१५ ला. तेव्हा एकेरी काच पण कोरडी. म्हणून शोरूममध्ये सगळ्यांच्या काचा कोरड्याच असतात! एका घरी हेच झालं, वर्षभर कौतुक, मग घरातले १५ दिवस मुलीकडं गेले, हॉलचा एसी बंद, सेलरचं मशीन चालू, परत आले तर दारासमोरची लाकडी फ्लोअरिंग काळी पडलेली, फळ्या उचलल्या गेलेल्या. ती काच मीच बसवली होती, नाही कशाला म्हणू.

बिनफ्रेमची काच, ती नुसत्या पॅच फिटिंगवर, म्हणजे कोपऱ्यातल्या धातूच्या पकडींवर, उभी असते ती, सेलरला नकोच. बाजूला तीन-चार मिलिमीटरची फट राहतेच. सरकतं दार पण नको, ते दिसायला दार आहे, कामाला पडदा. उजेडाचं म्हणाल तर लॅमिनेटेड काच घ्या, मधल्या फिल्ममुळं अल्ट्राव्हायोलेट जवळजवळ सगळं अडतं, वाइनला उजेड बाधतो म्हणून तर बाटल्या हिरव्या असतात.

बाकी बारीक-सारीक पटापट सांगतो. वजन काढा: काच एक चौरस मीटरला, एक मिलिमीटर जाडीला अडीच किलो. ६ आणि ६ मिलिमीटरची डबल ग्लास, दार एक पूर्णांक नऊ चौरस मीटर, म्हणजे ५७ किलो नुसती काच. तीन बिजागऱ्यांवर भागवू नका, चार, आणि वरच्या दोन जवळ-जवळ, ओढ वरच असते. दार बाहेर उघडा, आत रॅकची जागा वाचते. डोअर क्लोजर पाहिजेच, पार्टीत शेवटी आत गेलेला माणूस दार लावत नाही, दोन्ही हातात बाटल्या असतात. कुलूप लावा, घरात मुलं आहेत, पण आतून किल्ली न लावता उघडलं पाहिजे, हे मी लिहून घेतो क्लायंटकडून. आणि परमिटचं आणि घरी किती ठेवता येते त्याचं आधी बघून घ्या, ते माझं काम नाही, मी दार करतो.

एक प्रश्न मी आता पहिल्या मीटिंगलाच विचारतो, ठेवणार काय? कारण हवेत दमटपणा पाहिजे तो बुचासाठी, बूच सुकलं की हवा आत जाते. इथल्या बऱ्याच वाइन स्क्रू कॅपच्या आहेत आणि वर्ष-दोन वर्षांत प्यायच्याच आहेत. चाळीस बाटल्यांसाठी खोली बांधू नका, वाइनचा फ्रिज घ्या, माझं काम गेलं तरी चालेल. (कोणीतरी: फ्रिजचं दार पण तुम्हीच करा!) नाही हो, ते कंपनीचंच बरं असतं.

दार बसलं की पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी करा. रात्री आतला दिवा लावा, बाहेर अंधार करा, कडेने उजेडाची रेघ दिसली तर फट. मग दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा, सुळकन आली तर गास्केट दाबली जात नाही, असं चारी बाजूंनी, बिजागरीकडं पण, तिथं कोणी बघत नाही. आणि उदबत्ती. मशीन चालू ठेवून उदबत्ती खालच्या फटीशी धरा, धूर सरळ वर गेला पाहिजे. बाहेरच्या बाजूला ढकलला गेला तर उंबरठ्यावर परत काम.

मागून ताई विचारतायत की त्या वाड्याच्या दाराचं काय झालं. फेकलं नाही, दादांनी फेकूच दिलं नसतं. मिस्त्रींनी मागे नवीन पफचं दार केलं आणि जुन्या फळ्या त्याच्या तोंडावर चढवल्या, प्रत्येक फळी एकाच स्क्रूवर मध्यात घट्ट आणि बाजूला लांबट भोकं, म्हणजे तिला काय फुगायचं-आकसायचं ते फुगू दे. खुंटे गेले, बिजागऱ्या आल्या, कडी तशीच ठेवली. मिस्त्री मला एक शब्द बोलले नाहीत. फक्त काम झाल्यावर खिशातनं उदबत्ती काढून माझ्या हातात दिली, लावा म्हणाले. धूर सरळ गेला.