६०,००० दानांची मोजणी

[दृश्य: टर्मिनल, आकडे सरसर खाली]
प्रोग्रामने टाकलेला फासा खरंच निष्पक्ष आहे का, ते तपासूया. पायथन भाषेतला यादृच्छिक आकडे देणारा रँडम मोड्यूल फासा टाकतोय. रँडइंट, म्हणजे दिलेल्या मर्यादेतला कुठलाही पूर्णांक: एक ते सहा, ६०,००० वेळा. सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, दिलंय ४२. त्यामुळे पुन्हा चालवलं तरी हीच दानं याच क्रमाने पडतील, आणि सापडलेला दोष पुन्हा दाखवता येईल.

[दृश्य: सहा स्तंभ]
कुठला आकडा किती वेळा आला ते मोजणाऱ्या पायथनच्या काउंटरने दानं मोजली. अपेक्षा प्रत्येकी १०,०००. शंभरेक इकडे, शंभरेक तिकडे चालायचंच. पण किती चालायचं, हे डोळ्यांनी ठरवू नका. प्रत्येक स्तंभाचा अपेक्षेपासूनचा फरक घ्या, वर्ग करा, १०,०००ने भागा, सहाही उत्तरं मिळवा. हा काय-स्क्वेअर. दोन ओळींत होतो, वेगळी लायब्ररी लागत नाही. सहा रकाने, पाच डिग्री ऑफ फ्रीडम (पाच रकाने कळले की सहावा आपोआप ठरतो); बेरीज ११.०७च्या वर गेली की संशय घ्यायचा. निर्दोष जनरेटरही (आकडे तयार करणारा प्रोग्राम) साधारण विसांतून एकदा ही रेषा ओलांडतो, म्हणून सीड बदलून आणखी काही वेळा चालवायचं.

[दृश्य: सगळे स्तंभ एका रेषेत]
आता दुसरा एक प्रोग्राम. इथे बेरीज शून्य. नुसते स्तंभ पाहणारा खूश होईल. पण हा प्रोग्राम एक, दोन, तीन, चार, पाच, सहा एवढंच पुन्हा पुन्हा छापतोय! बेरीज फारच लहान आली तरी थांबायला हवं, ते यासाठी. आता क्रम तपासू. याद्या जोडणारं पायथनचं झिप वापरून लागोपाठच्या दोन-दोन दानांच्या ३०,००० जोड्या करा आणि त्याच काउंटरला द्या. जोड्यांचे प्रकार ३६ हवेत. इथे निघाले तीन.

[दृश्य: बाइट्सची रांग]
ही चूक जास्त लपून राहते. फाशासाठी यादृच्छिक बाइटला (शून्य ते २५५ मधला आकडा) सहाने भागून बाकी घेतली. पण २५६ला सहाने पूर्ण भाग जात नाही: शून्य ते तीन या बाक्या ४३ मूल्यांतून येतात, चार आणि पाच ४२ मूल्यांतून. ६०,००० दानांत हा कल कधी सापडतो, कधी निसटतो. ६,००,००० टाका, बेरीज ७८च्या आसपास जाते. उपाय सोपा आहे: २५२ किंवा त्याहून मोठा बाइट आला की टाकून द्या, पुढचा घ्या.

[दृश्य: पासवर्डची चौकट]
रँडमच्या मागचा मर्सेन ट्विस्टर, म्हणजे आकडे तयार करण्याची पद्धत, या मोजण्या पार करतो. तरी त्याची लागोपाठची ३२ बिटांची ६२४ फलितं हाती लागली, तर पुढची सगळी काढता येतात. पासवर्ड आणि टोकनसाठी (ओळख पटवणारे गुप्त संकेत) सीक्रेट्स मोड्यूल वापरा. तो पायथन ३.६पासून सोबतच येतो.