साठीच्या आधीची तीन वर्षं

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं सरकारी कार्यालय. टेबलावर सर्व्हिस बुकं.)

कर्नाटक सरकारच्या नोकरीत साठाव्या वर्षी निवृत्ती. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यातले मराठी शाळांचे गुरुजी, तलाठी, आरोग्य खात्यातल्या सिस्टरबाई, सगळ्यांची शेवटची वर्षं पेन्शनच्या फायलीमागं जातात. ग्रॅच्युइटी किती, शिल्लक रजेचे पैसे किती, याचा हिशेब तोंडपाठ असतो. दवाखान्याचं मात्र ‘निवृत्त झाल्यावर बघू’ म्हणून राहून जातं. आमचं म्हणणं एवढंच, की ते सत्तावन्नाव्या वर्षीच बघायला हवं.

कारण आहे वेटिंग पिरियड. मधुमेह, रक्तदाब असे आधीपासूनचे आजार विम्यात धरायला कंपनी जास्तीत जास्त 36 महिने थांबवू शकते. एप्रिल 2024 पूर्वी ही मुदत 48 महिन्यांपर्यंत होती. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांनाही बहुतेक पॉलिसींमध्ये वेगळी मुदत असते. साठीला विमा घेतला तर नेमकी गरजेची पहिली तीन वर्षं अशीच जातात. सत्तावन्नाला घेतला तर तो काळ नोकरीतच सरतो.

नोकरीत असेपर्यंत सरकारी सोय असतेच. 1 ऑक्टोबर 2025 पासून कर्नाटक आरोग्य संजीविनी योजना लागू झाली. ‘अ’ गटाच्या पगारातून महिन्याला 1000 रुपये कापले जातात, ‘ब’ गटाच्या 500, ‘क’ गटाच्या 350 आणि ‘ड’ गटाच्या 250. यादीतल्या दवाखान्यात रोख न भरता उपचार मिळतात. पण ही योजना सुरू झाली ती सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. पगार थांबल्यावर काय, हे ज्यानं त्यानं आजच विचारून ठेवावं.

केंद्राच्या खात्यातल्यांची वाट वेगळी. सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या, हद्दीबाहेर राहणाऱ्या पेन्शनधारकाला महिन्याला 1000 रुपये वैद्यकीय भत्ता घेता येतो. शिवाय दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून आयुष्यभराचं कार्डही काढता येतं. दोन्हींचा मेळही बसतो: बाहेरच्या औषधपाण्याला भत्ता, दवाखान्यात दाखल व्हायला कार्ड. नुसत्या भत्त्यावर समाधान मानणाऱ्यांनी एका अँजिओप्लास्टीचा खर्च विचारून पाहावा.

(दृश्य: खानापूर तालुक्यातलं एक घर. सोप्यात पसरलेले पॉलिसीचे कागद.)

हे गुरुजी लवकरच निवृत्त होणार. पॉलिसी नुकतीच घेतलीय. बाईंनी चष्मा लावून फॉर्मची झेरॉक्स वाचायला घेतली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. “अहो, बीपीची गोळी रोज घेता की. मग इथं ‘नाही’ का लिहिलंय?” एजंटनं सांगितलं होतं म्हणे, लिहिलं की हप्ता वाढतो.

असं करू नका, अगदी हात जोडून सांगतो. सलग 60 महिने पॉलिसी चालल्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला माहिती लपवल्याचं कारण काढता येत नाही. पण त्या पाच वर्षांत लपवलेली एक गोळी अख्खा क्लेम बुडवू शकते.

दुसरं कलम खोलीभाड्याचं. समजा पाच लाखांच्या पॉलिसीत दिवसाला 5000 ची मर्यादा आहे आणि तुम्ही 8000 ची खोली घेतली. वरचे तीन हजार भरून सुटका होईल असं वाटतं. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे खर्च त्याच प्रमाणात कापले जातात. असे खर्च 1,60,000 झाले तर कंपनी 1,00,000 देते. उरलेले साठ हजार तुमचे. म्हणून खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी घ्यावी, असं आमचं मत. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेलाय.

(दृश्य: निपाणीजवळचा महामार्ग.)

सीमाभागातला माणूस आजारी पडला की राज्याची हद्द बघत नाही. निपाणीचा कोल्हापूरला जातो, कागवाडचा मिरजेला, खानापूरचा बेळगावला नाहीतर गोव्याला. तेव्हा कॅशलेस दवाखान्यांची यादी मागताना दोन्ही बाजूंची मागा, आणि आपण खरोखर जातो त्या दवाखान्याच्या विमा काउंटरवर जाऊन खात्री करा.

महाराष्ट्रानं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना द्यायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली. दोन सरकारांच्या वादावर आपलं दुखणं टांगून ठेवू नये. केंद्राचं मोफत उपचाराचं आयुष्मान वय वंदना कार्ड सत्तरीनंतरचं. साठ ते सत्तरची सोय आपणच करायची.

नवी पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. गुरुजींची मुदत अजून संपलेली नाही. त्यांनी दुसरा फॉर्म मागवलाय, आणि या वेळी तो बाई भरणार आहेत.