हिल्डी, वॉल्टर आणि खिडकीतून उडी मारणारी मॉली

एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा बोलायला लागतो. कॅरी ग्रँट आणि रोझलिंड रसेल. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, साल १९४०, चित्रपट 'हिज गर्ल फ्रायडे'.

'द फ्रंट पेज' या १९२८च्या मूळ नाटकात बातमीदार हिल्डी जॉन्सन हा पुरुष होता. हॉक्सनं त्याची बाई केली, शिवाय संपादकाची घटस्फोटित बायको. झाली स्क्रूबॉल कॉमेडी, म्हणजे स्त्री-पुरुषांच्या शाब्दिक चकमकींची वेगवान विनोदी प्रेमकथा, तयार!

आज पाहताना आधी खटकतो तो संपादक, वॉल्टर. हिल्डीनं दुसरं लग्न करू नये म्हणून तो तिच्या नियोजित वराला खोट्या आरोपांत पुन्हा पुन्हा कोठडीत धाडतो, होणाऱ्या सासूला पळवून नेतो. थिएटरात यावर हशा पिकायचा. आपल्याला खटकलं तर खटकू द्यावं.

मला मात्र जास्त टोचते ती मॉली मॅलॉय. फाशीच्या कैद्याची, अर्ल विल्यम्सची बाजू घेणारी एकटी बाई. प्रेसरूममधले बातमीदार पत्ते खेळता खेळता तिची टर उडवतात. इथे संवादांचा वेग अचानक मोडतो, कोणालाच हसू येत नाही. पुढे तुरुंगातून पळून तिथल्याच टेबलात लपलेल्या अर्लवरून पत्रकारांचं लक्ष उडावं म्हणून ती खिडकीतून उडी मारते. ती जिवंत आहे एवढं कळतं. आणि गोष्ट पुढे पळते, कारण वॉल्टरला अर्ल हवाय, उद्याच्या पहिल्या पानासाठी.

मेयर आणि शेरीफ त्याहून निबर. अर्लच्या गोळीनं मेलेला पोलीस कृष्णवर्णीय होता, निवडणूक तोंडावर आहे, मतं हवीत. म्हणून फाशी घाईनं उरकायची. माफीचा कागद घेऊन आलेल्या माणसाला ते चक्क नोकरीचं आमिष दाखवून वाटेला लावतात. कृष्णवर्णीयांच्या मतांवर इतकी चर्चा करणारा हा चित्रपट एकाही कृष्णवर्णीय माणसाला त्यावर तोंड उघडू देत नाही, हा दोष हॉक्सच्या पदरात घालायलाच हवा.

आणि हिल्डी? तिलाही सोवळी समजू नका. तुरुंगात ती अर्लशी हळू, मायेनं बोलते आणि बोलता बोलता बातमीला हवं ते उत्तर त्याच्याच तोंडी घालते. कसबी बातमीदार आहे ती. शेवटी ती वॉल्टरकडे परतते असं सगळे म्हणतात. मला वाटतं ती टाइपरायटरकडे परतते, वॉल्टर त्यासोबत येतो. निघताना वॉल्टर मोकळ्या हातांनी पुढे चालतो, बॅग सांभाळत ती मागून. हॉक्सला हे दिसत नव्हतं, असं मानायला मी तयार नाही.