१२८ बाइट पाठवा आणि थांबा

पूर्वी एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्याला पाठवायला मॉडेम लागायचा, म्हणजे डेटाचा आवाज करून तो फोनच्या लाइनवरून पाठवणारं यंत्र. लाइनवर जरा खरखर झाली की मॉडेमला ती पण अक्षरंच वाटायची. पत्रात एखादं अक्षर चुकलं तर आपण अंदाजाने वाचून घेतो, पण प्रोग्रामच्या फाइलमध्ये एक बाइट बदलला तरी अख्खा प्रोग्राम कामातून जाऊ शकतो.

१९७७ मध्ये शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सननी सीपी/एम या त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एक छोटासा प्रोग्राम लिहिला, घ्या म्हणून फुकट वाटून टाकला, आणि त्यातली पद्धत पुढे एक्समोडेम म्हणून सगळीकडे पसरली. फाइलचे १२८-१२८ बाइटचे तुकडे करायचे, एक पाठवायचा आणि थांबायचं. तुकड्याच्या शेवटी सगळ्या बाइटची बेरीज, म्हणजे तिला २५६ ने भागून जी बाकी उरते ती. समोरचा पण बेरीज करणार, जुळली तर ॲक म्हणजे मिळालं, नाही जुळली तर नॅक म्हणजे परत पाठव. ३०० बॉड या मॉडेमच्या वेगाला सेकंदाला ३० अक्षरं, म्हणजे एका तुकड्याला साडेचार सेकंदांच्या आसपास!

पण खरी हुशारी पुढे आहे. समजा तुकडा नीट पोचला, समोरच्याने ॲक दिलं आणि नेमकं तेच खरखरीत हरवलं, मग पाठवणारा तोच तुकडा परत पाठवणार, आणि तो फाइलमध्ये दोनदा लिहिला गेला तर? म्हणून तुकड्याच्या सुरुवातीला नंबर, आणि लगेच पुढच्या बाइटमध्ये २५५ वजा तो नंबर, म्हणजे ५ असेल तर सोबत २५०. दोघं मिळून २५५ होत नसतील तर नंबरच बिघडलाय. नंबर ठीक आहे पण मागचाच आहे, तर डेटा टाकून द्यायचा आणि परत ॲक द्यायचं. किती बारीक विचार केलाय बघा.

बेरजेत मात्र एक भोक होतं, एक बाइट १ ने वाढला आणि दुसरा १ ने कमी झाला की बेरीज तीच. म्हणून नंतर १६ बिटचं सीआरसी आलं, म्हणजे अशा चुकाही पकडणारा जास्त कडक हिशेब.

तरी दर तुकड्याला थांबणं लांबच्या कनेक्शनवर फार महागात पडायचं. १९८६ मध्ये चक फोर्सबर्गनी झेडमोडेम आणलं, त्यात सलग पाठवत राहायचं, चूक दिसली की घेणारा सांगणार अमुक बाइटपासून परत दे. घरात कुणी दुसरा फोन उचलला आणि ९० टक्क्यांवर लाइन गेली, तरी परत डायल करून उरलेले १० टक्केच आणायचे.