रंग त्यांचा, चित्र कुणाचं?

मंडळी, आत येताना दारात तुम्हा प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा कागद दिला होता आणि ‘बॅक्टेरिया काढा’ एवढंच सांगितलं होतं. ते कागद आता माझ्या हातात आहेत. बहुतेकांनी हिरवा गोळा काढलाय. वाकडे दात, खाली ओढलेल्या भुवया. एकाने तर त्याच्या हातात भालाही दिलाय! दह्याचं भांडं मात्र एकाही कागदावर नाही.

हा भालेवाला हिरवा गडी तुम्ही कुठे पाहिलात? सूक्ष्मदर्शकाखाली नक्कीच नाही. टूथपेस्टच्या आणि संडास साफ करायच्या बाटल्यांच्या जाहिरातीत पाहिलात. म्हणजे तो कुणा चित्रकारानेच काढलेला आहे. कलेने बॅक्टेरियाकडे बघायची नजर बदलता येते का, असा विषय मला दिलाय. माझं म्हणणं, ती एकदा बदलून झालेली आहे, आणि वाईट अंगाने. ‘जंतू’ हा शब्दच घ्या. संस्कृतात जंतू म्हणजे जन्माला आलेला कुठलाही जीव, तुम्ही-आम्ही धरून. आपण तो फिनेलच्या वासाला बांधून टाकला.

मुळात बॅक्टेरिया दिसतो कसा? बहुतेक वेळा जवळजवळ पारदर्शक, पाण्यात पाणी. १६८३ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूकने स्वतःच्या दातांवरचा पांढरा मळ भिंगाखाली धरला, त्यात वळवळणारे जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. त्याला चित्रकला फारशी जमत नसे, म्हणून तो पैसे देऊन चित्रकाराकडून आकृत्या काढून घ्यायचा. म्हणजे बॅक्टेरियाची अगदी सुरुवातीची चित्रंसुद्धा एकाच्या डोळ्यांनी आणि दुसऱ्याच्या हाताने झालेली. पुढे १८८४ मध्ये ग्रॅम नावाच्या डॅनिश डॉक्टरने बॅक्टेरिया रंगवायची पद्धत काढली. पाठ्यपुस्तकातले जांभळे आणि गुलाबी ठिपके पाहून मुलांना वाटतं, तो त्यांचाच रंग. तो बाटलीतला असतो.

स्वतःचा रंग असलेलेही असतात, पण तो दिसायला त्यांची वस्ती वाढावी लागते. त्यासाठी लागतं अगार, आणि ते प्रयोगशाळेत आलं स्वयंपाकघरातून. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणारे डॉक्टर हेसे बॅक्टेरिया जिलेटिनवर वाढवायचे, आणि ते उन्हाळ्यात वितळून जायचं. त्यांच्या पत्नीने, फॅनी हेसेने, १८८१ साली अगार सुचवलं. जेलीसाठी ते ती घरात वापरत होती. आपल्याकडे किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं, तेच ते. ही बाई नवऱ्याच्या शोधनिबंधांसाठी चित्रंही काढायची. तिचं नाव किती पुस्तकांत सापडतं, ते घरी गेल्यावर बघा.

आता फ्लेमिंग. पेनिसिलिनवाला म्हणून त्याला सगळे ओळखतात. तो लंडनच्या चेल्सी आर्ट्स क्लबचा सभासद होता आणि बॅक्टेरियाने चित्रं काढायचा, हे कमी जणांना ठाऊक असतं. बॅले नाचणारी मुलगी, घर, सैनिक, बाळाला पाजणारी आई. हात साधाच, चित्रकार म्हणून त्याला कुणी लक्षात ठेवलं नसतं. पण काम काय होतं, ते बघा. तारेच्या लूपने अगारवर रेघ ओढायची, ती ओढताना दिसत नाही. लाल हवा तर सेराशिया मार्सेसेन्स, जांभळा हवा तर क्रोमोबॅक्टेरियम, पिवळा हवा तर मायक्रोकॉकस. प्रत्येकाची वाढायची चाल वेगळी. संथ असलेले आधी टाकायचे आणि घाईचे नंतर, म्हणजे सगळे एका वेळी रंगात येतात. जेवणावळीत भात कधी लावायचा आणि पापड कधी तळायचे, तसला हिशोब. १९२८ मध्ये बुरशी पडलेली एक खराब बशी, जिच्यातून पुढे पेनिसिलिन मिळालं, ती त्याने फेकून न देता न्याहाळली, त्यामागे ही सवय असावी, असं मला वाटतं. बशीत कुठे कोणता रंग उमटलाय आणि कुठे उमटायचा राहिलाय, हे बघायचीच त्याला खोड होती.

आमच्या कॉलेजातली गोष्ट सांगते. दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनी हौसेने जास्वंद काढायचं ठरवलं. सेराशियाचं कल्चर घेतलं, स्पिरिट लॅम्पशेजारी बसून नऊ सेंटिमीटरच्या पेट्री प्लेटमध्ये पाकळ्या ओढल्या आणि प्लेट नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली. सकाळी बघतात तर फूल पांढरंफटक! चूक माझी. इन्क्युबेटर ३७ अंशांवर होता, आपल्या अंगाच्या तापमानाला. तिथे सेराशिया जोमाने वाढते, पण लाल रंग बनवत नाही. त्यासाठी तिला साधारण २५ ते ३० अंश लागतात. दुसरी प्लेट टेबलावरच ठेवली आणि ती छान लालबुंद आली. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, म्हणजे ती आपल्या आत असली तर कळणारच नाही.” ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायोलॉजीने २०१५ मध्ये अगार आर्टची स्पर्धा सुरू केली. पहिलं बक्षीस मिळवणारं चित्र मेंदूतल्या मज्जापेशींचं होतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजात काम करणाऱ्या बाईंनी बाहेर खेळून आलेल्या आपल्या आठ वर्षांच्या मुलाचा पंजा अगारवर टेकवला. काही दिवसांनी बोटांच्या टोकांवर, तळव्यावर पांढऱ्या-पिवळ्या वस्त्या फुलल्या. तो फोटो जगभर फिरला. गंमत म्हणजे काही जण म्हणाले ‘किती सुंदर’, आणि काही जण उठून हात धुऊन आले. मला दोन्ही माणसं पसंत आहेत.

कारण नुसतं सुंदर दाखवून भागत नाही. तीच सेराशिया घ्या. तिचा लाल रंग माग काढायला सोयीचा आणि ती निरुपद्रवी, असं धरून अमेरिकी नौदलाने सप्टेंबर १९५० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोवर समुद्रातून तिचा फवारा सोडला, लोकांना न सांगता. त्यानंतर तिथल्या एका इस्पितळात ११ रुग्णांना सेराशियाचा संसर्ग झाला आणि एक दगावला. त्या फवाऱ्याशी संबंध सिद्ध झाला नाही. पण बिनधोक समजलेली ही लाल बाई आजारी माणसाला चांगलीच बाधते, हे आज दवाखान्यात काम करणारा कुणीही सांगेल. म्हणून दात काढलेला राक्षस जसा खोटा, तसा हसरा, गुबगुबीत, डोळे मिचकावणारा बॅक्टेरियाही खोटाच. आपल्या देशाने २०१२ मध्ये दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसला राष्ट्रीय सूक्ष्मजीव ठरवलं. त्यालासुद्धा मिशा आणि टोपी चढवू नका, एवढीच विनंती. अगारवरचं चित्र मला आवडतं, कारण त्यात आपण फक्त रेघ ओढतो. पुढे ती कुठे फुगेल, कुठे थांबेल, ते त्यांच्या हातात.

त्या जास्वंदीचं काय झालं, असं पुढच्या रांगेतून विचारताहेत. मुलांनी फोटो काढले. एकीला प्लेट आईला दाखवायला घरी न्यायची होती. मी नाही म्हटलं. जंतू मारायच्या प्रेशर कुकरमध्ये, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंश, पंधरा मिनिटं. बाहेर आली तेव्हा अगार वितळून गेलं होतं. प्लेटा प्लॅस्टिकच्या नव्हत्या, काचेच्या होत्या. त्या घासून पुन्हा कपाटात ठेवल्या.